टेपचं दुसरं टोक

सरकारी बांधकामात सगळ्यात रुक्ष वही कोणती असेल, तर ती मोजमाप पुस्तिका. आम्ही तिला एम.बी. म्हणतो. लांबी, रुंदी, उंची, परिमाण आणि खाली सही. पानांना छापील नंबर असतात. पान फाडायचं नाही, आकडा चुकला तर एक रेघ मारून बाजूला सही करायची. ठेकेदाराचं बिल हिच्यावरूनच निघतं आणि पुढे चौकशी लागली तर कपाटातून सगळ्यात आधी बाहेर येते तीही हीच. पहिली नोंद कनिष्ठ अभियंत्याची असते. मग उपअभियंत्यानं त्यातली ठरावीक मापं जागेवर जाऊन स्वतः पुन्हा घ्यायची, कार्यकारी अभियंत्यानं त्याहून कमी, पण घ्यायचीच. ह्याला चाचणी तपासणी म्हणतात. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली पद्धत आहे आणि ती लबाडी पकडायलाच घातलेली आहे, ह्याबद्दल कुणाच्या मनात शंका नसावी.

माझ्या मनात मात्र तिची जागा वेगळी आहे. मराठवाड्यात बांधकाम आणि पाटबंधाऱ्याच्या नोकरीत उमेद गेली, केस गेले. आता निवृत्ती दिसायला लागलीय. मागे वळून पाहताना वाटतं, आमच्या खात्यात नव्या पोरांना शिकवायची जी काही सोय होती ती ह्या कलमातच होती, आणि ती कुणी मुद्दाम केलेली नव्हती. साहेबाला जागेवर यावंच लागायचं. टेपचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं त्या पोराच्या हातात ज्यानं ते माप आधी घेतलंय. मधे दहा-पंधरा मीटर. तेवढ्या अंतरावरून ओरडून जे बोलणं व्हायचं, त्यात निम्मी अभियांत्रिकी असायची आणि निम्मी माणसं ओळखायची विद्या.

पदविका घेऊन मी नोकरीला लागलो तेव्हा किल्लारीचा भूकंप नुकताच होऊन गेला होता. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, चार वाजायला थोडा वेळ बाकी. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं नव्या जागी वसवायची होती. शिवाय उभी राहिलेली, पण भरवसा नसलेली लाखावर घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती. एवढ्या कामाला माणसं कुठून आणणार? जो मिळेल तो अभियंता तिकडं पाठवला जात होता. आम्ही नवीन पोरं पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो. दिवसा भिंती, रात्री तक्ते.

आमचे उपअभियंता साहेब पन्नाशीच्या आसपासचे. तरुणपणी जायकवाडीच्या मातीकामावर ओव्हरसिअर म्हणून तयार झालेले. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं. मधल्या त्या दहा-अकरा वर्षांत पैठणच्या माळावर दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध उभा राहिला आणि त्याच्याबरोबर मराठवाड्यातल्या अभियंत्यांची एक अख्खी पिढीही. त्या पिढीची एक खूण होती. ही माणसं पायानं तपासायची. शीपफूट रोलर, म्हणजे माती दाबायचा लोखंडी पायांचा रोलर, फिरत असताना त्याचे पाय मातीत रुतायचे कमी होऊन रोलर वर चालायला लागला की थर बसला, हे त्यांना पुस्तक न उघडता कळायचं. साहेबांना ते त्यांच्या साहेबानं दाखवलेलं. प्रयोगशाळेचा रिपोर्ट यायचाच, त्यावर सहीही व्हायची. पण साहेब म्हणायचे, रिपोर्ट आला तेव्हा वर आणखी तीन थर चढलेले असायचे.

भूकंपाच्या कामावर मात्र ह्या पायाच्या शहाणपणाचा उपयोग नव्हता. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा सगळा भाग पहिल्या क्षेत्रात, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या रंगात रंगवलेला होता. (२००२ मध्ये आयएस १८९३ हे भूकंपाचं भारतीय मानक सुधारलं तेव्हा पहिलं क्षेत्रच निघून गेलं आणि किल्लारीचा पट्टा तिसऱ्यात गेला.) साहेबांच्या सबंध नोकरीत भूकंप हा विषय कधी टेबलावर आलेला नव्हता. आणि त्यांनी ते पहिल्याच आठवड्यात आम्हा पोरांसमोर सांगून टाकलं. "मला हे येत नाही. तुम्हालाही येत नाही. तेव्हा आता वाचायचं."

आयएस १३८२८ हे मानक त्याच वर्षी, १९९३ ला आलेलं होतं. कमी ताकदीच्या बांधकामाला, म्हणजे चिखलातल्या दगडी भिंतींसारख्या कामाला भूकंपात कसं तगवायचं, ह्यावर. त्याची झेरॉक्स मिळाली. रात्री कंदिलाच्या उजेडात साहेब मोठ्यानं वाचायचे. एखाद्या वाक्याशी अडले की पदवीवाल्या पोराकडे बघायचे. तो सांगायचा. मग साहेब त्याला विचारायचे, "हे आपल्या लोहाऱ्यातल्या भिंतीत कुठं बसतं?" तिथं तो पोरगा अडायचा. असं दोन्हीकडून अडत अडत आम्ही ते मानक संपवलं. माझ्या पुढच्या नोकरीत हुशार साहेब पुष्कळ भेटले. हाताखालच्यांच्या देखत अडखळत वाचणारा तो एकच. आणि आज मला वाटतं, वरिष्ठानं कनिष्ठाला द्यायची जी सगळ्यात महाग गोष्ट असते ती हीच: स्वतःची शंका उघडी करून दाखवणं. उत्तरं पुस्तकात मिळतात. पन्नाशीच्या माणसाला एखाद्या भिंतीसमोर उभं राहून नेमकं काय खटकतंय, हे पुस्तकात नसतं.

ती भिंत म्हणजे काय, हेही सांगतो. आपल्याकडची जुनी माळवदाची घरं ज्यांनी पाहिलीत त्यांना माहीत असेल. दोन बाजूंनी चांगले दर्शनी दगड रचायचे, मधली पोकळी चिपा आणि चिखलानं भरायची. दोन-अडीच फूट जाड भिंत, बाहेरून किल्ल्यासारखी. वर लाकडी खणांवर मातीचं माळवद, गळतं म्हणून दरवर्षी एक थर वाढत गेलेलं. हादरा बसला की भिंतीचे दोन्ही पदर फुगून वेगळे होतात, कारण त्यांना एकमेकांशी बांधणारा आरपार दगड घातलेलाच नसतो. कित्येक घरांत लाकडी खांब आणि तुळया उभ्याच होत्या, दगड तेवढे ढासळले होते. ज्या भिंती राहिल्या होत्या त्यांत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडायचं, आकडा वळवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन पदर एकत्र धरले जातात. कागदावर चार ओळींचं काम.

आम्ही भोकांची संख्या मोजून एम.बी.त लिहीत होतो. साहेब तपासणीला आले. टेप काढला, दोन भोकांमधलं अंतर घेतलं, बरोबर निघालं. मग टेप गुंडाळला आणि भिंतीसमोर नुसते उभे राहिले. बराच वेळ. मला वाटलं, झालं काहीतरी. शेवटी विचारलं, "साहेब, काय बघायलात?"

"तू काय बघायलास ते बघायलो," म्हणाले.

मी पुन्हा बघितलं. अंतरं बरोबर, उंची बरोबर. काही दिसेना. तेव्हा त्यांनी तिथल्या म्हाताऱ्या गवंड्याला हाक मारली. "मामा, जरा ह्यांना दाखवा." मामांनी हातोडीच्या दांड्यानं भिंत वाजवत नेली. ठप, ठप, ठप, मग एके ठिकाणी भद्द. आतला भराव खाली बसून तिथं पोकळी झाली होती. आमची भोकं तिच्या दोन्ही बाजूंना अगदी नियमाच्या अंतरावर होती आणि पोकळ जागेत एकही नव्हतं. साहेबांना ते आधीच कळलं होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. बहुधा नसावं. पण कुणाला कळेल हे त्यांना कळत होतं, आणि आपल्याहून चार पायऱ्या खाली असलेल्या माणसाला आमच्यासमोर मास्तर करायला त्यांना काही वाटलं नाही. त्या दिवसानंतर आम्ही पोरं मामांच्या मागं फिरायला लागलो.

वाळूची गोष्टही त्यांचीच. नव्या गावठाणातल्या कामावर सिमेंटचा हिशेब लागेना. ठरल्यापेक्षा जास्त पोती संपत होती. सगळ्यांचा संशय गोदामवाल्यावर. साहेबांनी कुणाला काही न विचारता कुणाच्या तरी घरून लोणच्याची काचेची बरणी मागवली. ढिगातली ओलसर वाळू तीत भरली, वरच्या कडेला खडूनं खूण केली, मग पाणी ओतून काडीनं ढवळलं. वाळू खाली बसली. चांगली तीन-चार बोटं. ओलसर वाळू फुगते. पाच टक्क्यांच्या आसपास ओल असेल तर आकारमान पाव पटीनं, कधी त्याहूनही जास्त वाढतं. पूर्ण भिजली की परत बसते. पेटीनं मापून मिश्रण करताना पेटी भरलेली दिसते, पण आत वाळू कमी जाते. माल कमी निघतो, म्हणून सिमेंट जास्त लागतं. हे आम्ही सगळ्यांनी परीक्षेत लिहिलेलं होतं. मार्कही मिळाले होते.

गोदामवाल्याची माफी वगैरे कुणी मागितली नाही. पण पेटीतल्या वाळूची बेरीज-वजाबाकी दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली.

पुढे मी पाटबंधाऱ्याकडे आलो. परभणी जिल्ह्यातल्या कालव्यांवर बराच काळ गेला. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा आहे. पैठणला पाणी सुटलं की शेपटाच्या शेतकऱ्यापर्यंत पोचेस्तोवर त्या पाण्यावर किती जणांचे हात पडतात, ते कालव्यावर चालल्याशिवाय कळत नाही. तेव्हाच्या औरंगाबादच्या वाल्मीत प्रशिक्षण झालं. १९८० साली निघालेली ही संस्था पाणी आणि जमीन व्यवस्थापनासाठीच आहे. तिथं विसर्गाची सूत्रं नीट डोक्यात बसली, त्याबद्दल मी ऋणी आहे. पण अमुक विमोचकाचं, म्हणजे कालव्यातून पाणी सोडायच्या तोंडाचं दार दोन आट्यांवर अडकतं आणि तिसऱ्या आट्याला एकदम उघडतं, हे पाटकऱ्याकडूनच कळतं. तमुक गावाच्या हद्दीत काळ्या मातीमुळे अस्तर दर दोन पावसाळ्यांनी उचकटतं, हे कालवा निरीक्षकाकडून. त्या लोकांकडे कुणाला पाठवायचं, कधी पाठवायचं आणि सोबत जाऊन आपण गप्प कसं बसायचं, एवढंच वरिष्ठाच्या हातात असतं.

मातीच्या धरणाच्या पायथ्याशी नव्या पोराला पहिल्यांदा नेताना मी एवढंच करतो. पावसाळ्यानंतर तलाव भरलेला असतो, पायथ्याला थोडं पाझरणारच. पोरगा लगेच विसर्ग मोजायला बघतो. मोजू देतो. मग विचारतो, रंग कसा आहे? स्वच्छ पाणी थोडं जास्त आलं तरी एक वेळ चालतं. गढूळ पाणी धारभर आलं तरी पळायची वेळ, कारण ते आतली माती घेऊन येतंय. हे सांगायला दहा सेकंद लागतात. पण सांगितलेलं विसरलं जातं. ओंजळीत घेऊन बघितलेलं पाणी बहुधा नाही.

आता सगळं असं गोड होतं असं समजू नका. माझ्या पिढीनं असेही साहेब पाहिलेत ज्यांनी टेपला उभ्या आयुष्यात हात लावला नाही आणि तपासणीची सही जीपच्या बॉनेटवर केली. पोरांकडून माहितीचे तक्ते भरून घ्यायचे, आढावा बैठकीत आकडा चुकला की सगळ्यांसमोर त्याच पोराला उभं करायचं. पहिली सही खालच्याची, म्हणून पहिली नोटीसही खालच्यालाच, हा आमच्याकडचा अलिखित रिवाज. एका बैठकीत माझ्या एका मापावर प्रश्न आला तेव्हा आमचे ते भूकंपवाले साहेब उठून म्हणाले, "ते माझ्या तपासणीतलं आहे, उत्तर मी देतो." माप बरोबरच होतं, पुढे सिद्धही झालं. पण ते वाक्य त्यांनी सिद्ध व्हायच्या आधी उच्चारलं होतं. शिकवण्याच्या गप्पा मारणाऱ्या प्रत्येक वरिष्ठाला मी मनातल्या मनात ह्या एका वाक्याला लावून बघतो. बरेच जण उतरत नाहीत.

माझी पुतणी परभणीच्या घरात बसून पुण्यातल्या कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करते. तिला एकदा विचारलं, तुमच्यात नव्यांना कोण शिकवतं? तिनं कोड रिव्ह्यू समजावून सांगितला. ज्युनिअरनं लिहिलेला कोड मुख्य कोडमध्ये जायच्या आधी दुसऱ्या कुणीतरी, बहुतेक वेळा सीनिअरनं, ओळ न ओळ वाचायचा, शेरे लिहायचे, मगच मंजुरी.

"म्हणजे तुमचीही एम.बी. आहे की!" मी म्हणालो.

"आहे काका. आणि तुमच्यासारखीच न बघता सहीही आहे. एलजीटीएम लिहायचं, म्हणजे बरं दिसतंय, आणि मोकळं व्हायचं. पाचशे ओळींचा बदल दोन मिनिटांत मंजूर होतो."

तिचा पहिला सीनिअर असा नव्हता म्हणे. तो चूक दाखवायचाच नाही. "इथं यादी रिकामी आली तर काय होईल?" एवढाच शेरा लिहायचा आणि तिला चालवून बघायला लावायचा. मला आमचा भिंतीसमोरचा साहेब आठवला. तंत्र किती का बदलेना, सीनिअरची जात तीच दिसते, असं मी तिला म्हणालो. तिला ते फारसं पटलं नाही. तिचं म्हणणं, आमच्यात दोन वर्षांत माणूस कंपनी बदलतो, तुमचा मामा गवंडी आम्हाला भेटणार कुठं? प्रश्न बरोबर आहे.

तो आमच्याकडेही वेगळ्या वाटेनं आलाय. आमच्याकडे माणसं कंपनी बदलत नाहीत, ती अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतात, आणि मधे कितीतरी काळ नवी भरती नसते. मग भरती येते ती एकदम. कार्यालयात एका टोकाला पन्नाशीपुढची माणसं, दुसऱ्या टोकाला पंचविशीतली. मधली फळी नाही. मी कनिष्ठ असताना माझ्याहून पाच वर्षांनी मोठा सहकारी मला निम्मं शिकवायचा. साहेबाला विचारायची लाज वाटेल ते त्याला विचारता यायचं. आजच्या पोरांना तो माणूसच नाही. ते थेट माझ्यापाशी येतात आणि मी त्यांच्या बापाच्या वयाचा.

पोरं हुशार आहेत, हे सांगायला हवं. ड्रोनचा सर्व्हे, टोटल स्टेशन, संगणकावरची आखणी, ह्यात ती मला शिकवतात आणि मी शिकतो. काटछेदाचा हिशेब आम्ही रात्र रात्र करायचो, तो त्यांचा चहा पिता पिता होतो. अडचण दुसरी आहे. एम.बी. संगणकावर गेली, जागेचा फोटो अक्षांश-रेखांशासह व्हॉट्सअॅपवर येतो, आणि वरिष्ठ तिकडून अंगठा दाखवतो. फोटोत लबाडी पकडता येते, अगदी आमच्या टेपपेक्षा चांगली येते. लबाडी पकडायचं काम झालं म्हटल्यावर जागेवर कशाला जायचं? गेलं ते टेपचं दुसरं टोक. फोटो काढणाऱ्याला जे दिसलंच नाही, ते फोटोत येत नाही. पोकळ भिंतीचा फोटो भरीव भिंतीसारखाच येतो.

माझ्याकडे सध्या एक मुलगी कनिष्ठ अभियंता आहे, जिंतूरकडची. शेतकरी तिला "विंजनेर ताई" म्हणतात. तिला मी माझं हे सगळं तत्त्वज्ञान ऐकवलं, अर्थातच. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साहेब, तुम्ही गप्प उभं राहून शिकवता ते छान आहे. पण माझ्याकडे तीन शाखांचा कार्यभार आहे. तुमच्या साहेबांकडे वेळ होता." मग जरा थांबून, "आणि कालव्यावर दिवसभर थांबायचं तर वाटेत बाईमाणसाला जायला जागा कुठं आहे, हे तुम्ही कधी विचारलं नाही."

विचारलं नव्हतं. आमच्या साहेबांच्या काळात हा प्रश्न उभाच राहिला नाही, कारण जागेवर बाई अभियंता नव्हती. मजूर बायका होत्या आणि त्यांचं कुणी विचारत नव्हतं. वरिष्ठपणाच्या ज्या यादीत मी मानकं, वाळू आणि गढूळ पाणी घालत बसलो होतो, तीत गाडी कुठं थांबवायची, कुठल्या गावच्या शाळेतल्या बाईंना सांगून ठेवायचं, हे पहिल्या ओळीत हवं होतं. आता ते मी बघतो.

वेळेचा प्रश्न तसा सुटणारा नाही. तीन शाखांचे दोन व्हायचे नाहीत माझ्या हातून. आम्ही एवढंच ठरवलं की मंगळवारी आढावा नसतो, त्या दिवशी दोघांनी एकत्र कालव्याचा एक तुकडा चालायचा. तिनं अट घातली: एका जागी पाच मिनिटांहून जास्त गप्प उभं राहायचं नाही, पुढची साइट वीस किलोमीटरवर असते. घड्याळ ती लावते.

गेल्या मंगळवारी एका मोरीच्या पंखभिंतीसमोर उभे होतो. तिसऱ्याच मिनिटाला ती म्हणाली, "वीप होल बुजलेत. पाणी भिंतीमागं साठायलंय, म्हणून हा फुगवटा." वीप होल म्हणजे भिंतीमागचं पाणी निघून जायला ठेवलेली भोकं. बरोबर होतं तिचं. मी मान हलवेपर्यंत तिचा पुढचा प्रश्न आला, "हे आपोआप बुजले की कुणी बुजवले? आणि कधी? कुठल्या वहीत सापडेल?"

कुठल्याच वहीत सापडणार नाही. त्या मैलाचा जुना कालवा निरीक्षक सांगू शकेल. तो निवृत्त होऊन गंगाखेडला मुलाकडे राहतो. फोन केला तर म्हणाला, फोनवर नाही सांगता यायचं, या, बसू. येत्या मंगळवारी कालव्याआधी त्याच्याकडे जायचंय, आणि त्याला जमलं तर गाडीत घालून मोरीवर न्यायचंय.